खर्डा एका दमात काढा, छापायची घाई मात्र करू नका

आमच्या तालुक्यात कवी किती आहेत असं विचारलं तर मोजता मोजता सांज होईल. कुठल्याही गावात दुर्गेच्या मंडपात कवीसंमेलन ठेवा, वीस-पंचवीस जण मोटरसायकलवर वह्या घेऊन हजर होतात, आणि त्यातले दोन-चार खरंच चांगले असतात. पण कादंबरी लिहिणारे किती? म्हणजे लिहून शेवटापर्यंत नेलेले? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावात कृषी केंद्र चालवतो, बियाणं-खत-औषध घ्यायला आजूबाजूच्या पंधरा गावचे लोक दुकानात येतात, त्यातल्या निदान सहा जणांनी मला आजवर काउंटरवर टेकून सांगितलंय की "भाऊ, माह्या डोक्यात एक कादंबरी हाये." सहाच्या सहा जणांची ती अजून डोक्यातच आहे. सातव्याचं पहिलं प्रकरण कागदावर होतं, ते तो दर उन्हाळ्यात नव्यानं लिहायचा. तो सातवा मी. अकरा वर्षं हेच केलं.

ही काही प्रतिभेची कमी नाही. गोष्टी सांगण्यात आपली माणसं कुणाला ऐकत नाहीत, पारावर एकदा सुरू झाले की रात्रीचे बारा. भानगड आहे ती आपल्याला शिकवलेल्या पद्धतीत. शाळेत, शिबिरात, संमेलनाच्या परिसंवादात एकच गोष्ट सांगितली जाते, साहित्य म्हणजे साधना, एकेक ओळ घासूनपुसून लिहा, दहा वर्षं लागली तरी चालेल. सांगणारे बहुतेक पगारी किंवा पेन्शनवाले. त्यांची दहा वर्षं आणि कास्तकाराची दहा वर्षं ही एकाच मापाची नसतात हे कुणी बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, खेड्यात राहून, वावर किंवा दुकान सांभाळून ज्याला कादंबरी लिहायचीय त्यानं पहिला खर्डा भराभर, महिना-दीड महिन्यात, एका दमात काढून टाकावा. वाईट निघेल. निघू द्यावा.

माझ्या अकरा वर्षांचं आधी सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल.

२००३ साली सुरुवात केली. पहिल्या प्रकरणात माझा हीरो बापासोबत कापसाची बंडी (बैलगाडी) घेऊन संकलन केंद्रावर जातो. एकाधिकार खरेदीचा जमाना, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, रात्री बंडीखालीच झोपायचं, भाकर संपली की बाजूच्या बंडीवाल्याकडून घ्यायची, सकाळी ग्रेडर येणार आणि कापसात हात घालून काय ग्रेड लावतो त्यावर वर्षाचं सगळं ठरणार. हे मी लहानपणी बापासोबत स्वतः पाहिलेलं होतं, त्यामुळं माल पक्का होता. पण मी करत काय होतो? बैल "पांढरा" लिहायचो. पुढच्या उन्हाळ्यात तो "ढवळा" करायचो, कारण ढवळा जास्त गावाकडचा वाटतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वाटायचं की ढवळा म्हणजे जरा मुद्दाम गावठीपणा दाखवल्यासारखं होतंय, परत पांढरा. सतरा वेळा ते प्रकरण लिहिलं, सतरा वेळा तो बैल रांगेत उभा राहिला, आणि केंद्राचं गेट काही माझ्या हातून उघडलं नाही.

तोवर बाहेर काय झालं? ती एकाधिकार योजनाच गुंडाळली गेली. बीटी कपाशीला २००२ मध्ये मंजुरी मिळाली होती, बघता बघता सगळी वावरं बीटीची झाली, मीच दुकानातून पाकिटं विकत होतो. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. खेडा खरेदीवाले घरापर्यंत गाडी आणायला लागले. बंड्या कमी झाल्या, बैल विकले गेले. बाप गेला. ज्या माणसाला मी विचारू शकलो असतो की त्या रांगेत पाणी कुठून आणायचे, तो माणूसच गेला, आणि मी इकडं बैलाचा रंग ठरवत बसलेलो. शेवटी वहीला उदई, म्हणजे वाळवी, लागली. लोखंडी पेटीत ठेवायला पाहिजे होती, लाकडी फळीवर ठेवली. पहिल्या आठ पानांची चाळणी झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला मोकळं वाटलं.

सावकाश लिहिण्यातला खरा धोका हा आहे. लिहिणारा बदलतो. पस्तिशीत पहिलं प्रकरण आणि पंचेचाळिशीत चौथं लिहिलं तर ती एका माणसाची कादंबरी राहत नाही, तिसऱ्या प्रकरणात ज्याचा राग आलेला असतो त्याची पाचव्यात कीव येते, सातव्यात त्याच्याकडून उधारी वसूल करायची असते. पक्क्या लेखकाला हे सांभाळता येत असेल. नवख्याला नाही सांभाळता येत.

आता भराभर लिहिणं म्हणजे काहीतरी नवीन फॅड आहे, परदेशातून आलंय, असं कुणी म्हणेल. एक फॅड तिकडून आलंय हे खरं. १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या २१ जणांनी ठरवलं की एका महिन्यात कादंबरी लिहायची, पुढं त्याला नॅनोरायमो म्हणायला लागले, नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला १,६६७. लाखो लोक त्यात उतरले, मग त्या संस्थेत बऱ्याच कटकटी झाल्या आणि २०२५ मध्ये तिनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मला त्यांची जिद्द आवडते, पण तो आकडा जसाच्या तसा उचलून मराठीत लावणाऱ्यांचं हसू येतं. इंग्रजीत जे सांगायला सहा-सात शब्द मोडावे लागतात ते आपल्याकडं "गावातल्यांकडूनसुद्धा" ह्या एका शब्दात बसतं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यांचे सुटे राहतात. म्हणजे मराठीतले ५०,००० शब्द हे त्यांच्यापेक्षा बरंच जास्त मजकुराचं काम होतं. आणि नोव्हेंबर! नोव्हेंबरमध्ये इकडं कापूस वेचणी चालू, तूर फुलावर, वेचणाऱ्या बाया मिळत नाहीत म्हणून माणूस पहाटेपासून दारोदार फिरत असतो. त्यात कादंबरी कोण लिहिणार बाप्पा.

पण ते फॅड बाजूला ठेवा. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' १९६३ मध्ये, पंचविशीत, पंधरवड्यात लिहून काढली हे मराठी वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे, तरी शिबिरात ही गोष्ट दैवी चमत्कारासारखी सांगतात, पद्धत म्हणून कुणी सांगत नाही. त्याच लेखकाची 'हिंदू' २०१० मध्ये आली, तिला कित्येक वर्षं लागली. म्हणजे एकाच माणसानं दोन्ही केलं. पण भराभर लिहिलेली त्याची पहिली होती, हे लक्षात घ्या.

तिकडं रशियात दोस्तोयेव्हस्कीनं १८६६ मध्ये 'जुगारी' २६ दिवसांत संपवली. कर्जात बुडालेला, प्रकाशकानं असा करार करून घेतलेला की १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं तुझं सगळं लिखाण मी फुकट छापणार. आमच्या भागात ज्यानं सावकाराचा कागद पाहिलाय त्याला हा करार समजावून सांगायची गरज नाही. त्यानं एक लघुलेखन जाणणारी पोरगी कामावर ठेवली, अॅना तिचं नाव, वीस वर्षांची, तो बोलत गेला आणि ती उतरवत गेली. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. ह्या अॅनाकडं मी परत येणार आहे.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं. आपल्या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. धान कापून झाला, दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) भरायला लागली की गावोगावी रात्रभर नाटकं. कंपन्यांना नव्या सीझनला नवं नाटक पाहिजे असतं, तारखा आधीच बुक झालेल्या, मग लेखक लिहितो. तो लेखक असं नाही म्हणू शकत की मला अजून पाच वर्षं चिंतन करू द्या. तालमीत बदलतो, पहिल्या चार प्रयोगांत बदलतो, कुठं लोक हसले नाही ते बघून सीन उडवतो. ह्यातली सगळी नाटकं भारी असतात असं मी म्हणत नाही, काही तर निव्वळ मारामारी आणि रडारड. पण तिथं लेखक तयार होतात, कारण तिथं काम शेवटापर्यंत जातं. आपल्याच विदर्भात हे चालू असताना कादंबरीवाल्यांनी त्यातून काहीच घेऊ नये ह्याचं मला राहून राहून नवल वाटतं. बहुधा झाडीपट्टीला साहित्य म्हणायची काही लोकांना लाज वाटते.

आमच्या गावातले एक रिटायर्ड गुरुजी आहेत, माझं सगळं वाचतात, त्यांच्यासोबत ह्यावर माझं कायम वाजतं. ते दुकानात येतात, युरियाच्या पोत्यावर बसतात आणि म्हणतात, "लेका, भराभर लिहिलेलं भराभर विसरल्या जाते."

मी म्हणतो, "गुरुजी, न लिहिलेलं तर कोणाला आठवतच नाही ना."

"तसं नाही बे. घाईत माणूस काय लिहिते माहीत हाये का? जे आधीच लोकाईनं लिहिलं हाये तेच लिहिते. हाताशी जे सापडते ते."

हा मुद्दा त्यांनी काढला तेव्हा मी गप्प बसलो, कारण तो खरा आहे आणि माझ्या बाबतीत तंतोतंत खरा ठरला होता.

झालं असं. जुनी वही उदईनं खाल्ल्यावर तीन-चार वर्षं मी काही लिहिलं नाही. मग एका वर्षी ठरवलं, पोळा ते दसरा. तान्हा पोळा झाला, लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरून आली, की दुसऱ्या दिवशी पहाटे बसायचं, आणि सोनं वाटायच्या दिवशी थांबायचं. पाऊस असो, लाइट नसो, रोज पाच ते सात. फवारणीचं गिऱ्हाईक साडेसातच्या आधी येत नाही. दोन मोठी रजिस्टरं आणली, रोज पाच पानं, आणि एकच नियम, मागचं पान उघडायचं नाही. काही चुकलंय असं वाटलं तर समासात लाल पेनानं फुली मारायची आणि पुढं जायचं.

जे निघालं ते बघून कुणीही हसलं असतं. तिसऱ्या प्रकरणात हीरोचा साळा मरतो, नवव्यात तोच साळा लग्नात जेवणावळीला वाढतो. एका मावशीला मी फक्त चहा आणून द्यायला बोलावलं होतं, ती गेलीच नाही, पुढची शंभर पानं तिनंच चालवली, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या खर्ड्यात जिवंत माणूस तीच आहे. मधले आठ दिवस हाताऐवजी मोबाइलवर बोलून टाइप केलं, खांदा दुखत होता म्हणून, तर ते यंत्र माझी वऱ्हाडी ऐकून भांबावून गेलं, "वाफसा" म्हटलं की "वापस" लिहायचं, "तुरीत गेलती" म्हटलं की "तुम्ही गेलती". अशा तऱ्हेनं २१२ पानं झाली. दसऱ्याच्या दिवशी शेवट आला, आणि शेवटी माझ्या हीरोनं फाशी घेतली.

ठरवलं नव्हतं. आपोआप आलं. सहा वाजता लिहायला बसलो आणि पावणेसातला तो गोठ्यात दोर घेऊन गेला. मी आपट्याची पानं घेऊन बाहेर पडलो तेव्हा डोळ्यात पाणी होतं, वाटलं काय भारी लिहिलंय आपण.

महिनाभरानं, सोयाबीन निघाल्यावर, सगळं सलग वाचलं, आणि त्या शेवटापाशी मला माझीच लाज वाटली. विदर्भातला कास्तकार म्हणजे फाशी किंवा औषध, हे पेपरवाल्यांनी, टीव्हीवाल्यांनी आणि मुंबई-पुण्याच्या परिसंवादांनी इतक्या वेळा दाखवलंय की इथं जन्मून, इथं औषधाच्या बाटल्या विकून, माझ्याही हातातून तेच निघालं. आत्महत्या होतात, माझ्या खात्यावरची दोन नावं तशी गेलेली आहेत, ती पानं मी अजून फाडलेली नाहीत. पण माझा हीरो तो माणूस नव्हता. २१२ पानं तो चिवटपणे खोटं बोलून, उधार मागून, मावशीच्या शिव्या खाऊन जगत आलेला होता, त्याला मी शेवटच्या पाऊण तासात मारून टाकलं, कारण "विदर्भाची कादंबरी" तशी संपते.

गुरुजी म्हणतात ते हेच, घाईत हाताशी असेल तेच येतं. मान्य. पण मग मला सांगा, अकरा वर्षं सावकाश लिहिताना हा खोटा शेवट कुठं होता? तो तेव्हाही माझ्या डोक्यात बसलेलाच होता. मी शेवटापर्यंत गेलोच नाही म्हणून तो मला कधी दिसला नाही. पहिल्या प्रकरणातला बैल पांढरा की ढवळा हे घासत बसलेल्या माणसाला कळतच नाही की आपण सगळी गाडी कुठं हाकतोय. सगळं कागदावर आलं, समोर पडलं, तेव्हा त्यातलं उसनं काय आणि आपलं काय ते वेगळं करता आलं. नंतरचे चौदा महिने मी तेवढंच केलं. साधारण ऐंशी पानं गेली. फाशी गेली. आता शेवटी तो माणूस मृगाच्या आधी बियाणं उधार मागायला दुकानात येतो, आणि दुकानदार वर बघत नाही. हा शेवट लिहायला मला अडीच महिने लागले, आणि तो दुकानदार मी आहे.

कास्तकारीतली भाषा वापरून सांगायचं तर (ही तुलना सगळेच करतात, पण अर्धवट करतात) मृगाचा पाऊस पडल्या पडल्या कुणी पेरत नाही, जमीन चिकट असते. वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायची वाट बघतात. एकदा वाफसा आला की मग दोन-तीन दिवस कुणाचं कुणाकडं लक्ष नसतं, तिफन थांबत नाही, काकर (पेरणीची ओळ) थोडा वाकडा गेला म्हणून कुणी परत फिरून सरळ करत नाही. वाकडा काकर पुढं डवऱ्याला (कोळपणीच्या अवजाराला) त्रास देतो, माहीत आहे, पण उगवलं तरच डवरणार ना. नांग्या भरणं, विरळणी, निंदण हे सगळं नंतरचं काम आणि ते पेरणीपेक्षा कितीतरी लांबलचक काम. तुलना अर्धवट राहते ती इथं, की ह्याच कास्तकारीत धूळपेरणी पण असते. पाऊस पडायच्या आधीच कोरड्यात बी टाकून द्यायचं, नशीब लागलं तर लागलं, नाहीतर दुबार पेरणी. ज्याच्याजवळ काही साचलेलंच नाही, ज्यानं कुणाला काही विचारलं नाही, पाहिलं नाही, त्यानं दीड महिन्यात कादंबरी लिहायला बसणं ही धूळपेरणी आहे. मी त्याची वकिली करत नाही.

साचवायला वेळ लागू द्या, हवा तेवढा लागू द्या. मराठी गद्याचा सगळ्यात जुना मोठा ग्रंथ, 'लीळाचरित्र', आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, तेराव्या शतकातला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला एकेका माणसाकडं जाऊन विचारलं, कुणी काय पाहिलं, कुणी काय ऐकलं. ती पायपीट सावकाशच होणार. माझ्या बापाला पाण्याचं विचारायचं राहून गेलं ती घाई नव्हती, ती दिरंगाई होती, उलट मी पायपीट करायच्या वेळेत विशेषणं घासत बसलो होतो.

भराभर लिहिण्याचा अजून एक फायदा मला अनपेक्षित मिळाला, भाषेचा. सावकाश लिहिताना मी पुस्तकी मराठी लिहायचो, कारण प्रत्येक वाक्यामागं मराठीचे सर उभे असायचे. पहाटे पाच पानं पुरी करायची म्हटल्यावर सरांना उभं राहायला जागाच उरली नाही. विसाव्या-बाविसाव्या दिवसापासून माणसं आपसूक घरच्यासारखी बोलायला लागली, "काहून आला बे एवढ्या राती?", "मायं, तुले सांगतलं ना." उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० मध्ये आली, तेव्हापासून वऱ्हाडी बोलीत कादंबरी उभी राहू शकते हे सिद्ध झालेलं आहे, तरी आमच्या पोरांना अजून वाटतं की वऱ्हाडी ही हास्यकवितेपुरती. दमछाक झालेला हात ढोंग करत नाही, एवढंच मला कळलं.

आता अॅनाकडं येतो, कारण ह्या सगळ्या भराभर लिहिण्याच्या गप्पांमध्ये एक गोष्ट लपवली जाते. इंग्लंडात अँथनी ट्रॉलोप नावाचा कादंबरीकार होऊन गेला, पोस्टात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटाला २५० शब्द, अशा ४७ कादंबऱ्या. मी त्याचंच बघून पहाटेचं ठरवलं होतं. पण त्याला उठवायला, कॉफी द्यायला एक नोकर होता, त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जास्त मिळायचे, हे ट्रॉलोपनं स्वतः लिहून ठेवलंय आणि मोठ्या मनानं म्हटलंय की माझ्या यशात त्याचा वाटा आहे. दोस्तोयेव्हस्कीला अॅना होती. मला बायको होती. पोळा ते दसरा पहाटेचं झाडणं, पाणी भरणं, पोरीची शाळेची तयारी, सातच्या आत कुणी दुकानाचं शटर वाजवलं तर बाहेर जाणं, हे सगळं तिनं केलं. खर्डा झाल्यावर मी गावभर सांगत फिरलो की चाळीस दिवसांत कादंबरी लिहिली, तेव्हा ती भाकऱ्या थापता थापता एवढंच म्हणाली, "मले चाळीस दिवस कोण देते?"

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ह्यामुळं माझा मुद्दा पडतो का, तर माझ्या मते नाही, उलटा तो घट्ट होतो. दहा वर्षांची निवांत साधना निंदणाला जाणाऱ्या बाईला कोण देणार आहे? तिला मिळालाच तर एखादा तुकडाच मिळणार, उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, आणि उन्हाळी कामं लागायच्या आधी महिनाभर दुपारचे दोन तास. त्या तुकड्यात जे बसेल ते एका दमातच बसवावं लागेल. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका काकूनं माझ्या बायकोला व्हॉट्सॲपवर रोज एक व्हॉइस मेसेज पाठवायला सुरुवात केली, आपल्या सासूची गोष्ट, वावरातून येता येता रेकॉर्ड केलेली, मागं बकऱ्यांचा आवाज, मध्येच "थांब वं, साप हाये वाटते" असं. सव्वीस मेसेज झाले. मी ऐकले. तिला कुणी सांगितलं नाही की हा पहिला खर्डा आहे म्हणून.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते. लोक म्हणतात भराभर लिहिल्यामुळं कचरा वाढला. कचरा लिहिल्यामुळं वाढत नाही, वहीतली कचऱ्याची पानं कुणाला चावत नाहीत. तो वाढतो छापल्यामुळं. लेखकाकडूनच पैसे घेऊन तीनशे प्रती काढून देणारे छापखानेवाले आता तालुक्यापर्यंत आलेत, पहिला खर्डा जसाच्या तसा, साळा मेलेला आणि वाढणारा दोन्ही सकट, गुळगुळीत कव्हरात, मग मंगल कार्यालयात प्रकाशन, शाल, श्रीफळ, आमदारांचं भाषण, आणि अडीचशे प्रती पलंगाखाली. मी स्वतः त्याच्या काठावर जाऊन आलोय, एकानं मला बियाण्याच्या कंपनीसारखी स्कीम सांगितली होती, आगाऊ भरले तर पंचवीस प्रती फ्री. मला वाटतं संमेलनं घेणाऱ्या संस्थांनी, विदर्भ साहित्य संघ तर १९२३ पासून आहे, त्यांनी आणि त्यांच्या शाखांनी प्रकाशन सोहळ्यांवर जेवढी ताकद लावली जाते त्यातली थोडी खर्डा वाचून देण्याकडं वळवावी. न छापलेला, फुल्या मारलेला, गचाळ खर्डा घेऊन चार माणसं बसली आहेत आणि एकेक प्रकरण वाचून तोंडावर बोलताहेत, असा कार्यक्रम मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही. कवीला माइक मिळतो, टाळ्या मिळतात. खर्डेवाल्याला कुणी नाही, म्हणून तो एकतर अकरा वर्षं पहिलं प्रकरण घासतो नाहीतर दुसऱ्या महिन्यात छापून मोकळा होतो.

आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल, संध्याकाळी दोन तास उघडं आणि बाकीचा दिवस कुलूप. समितीत मी आहे, गुरुजी अध्यक्ष आहेत. मी मागितलं की पोळा ते दसरा ती खोली पहाटे लिहिणाऱ्यांना द्या. गुरुजी म्हणाले, "दे उघडून. पण मी कोणाचंच छापाले शिफारस देणार नाही, वर्षभर तरी." मी म्हटलं हेच तर मी म्हणतोय. वेळ पहाटे पाच ते सात ठरवली आणि घरी येऊन सांगितली, तर बायको म्हणे पाचला कोणती बाई येते तिथं, दुपारी दोन ते चार ठेवा. मग दोन्ही ठेवल्या. पंखा आहे, इन्व्हर्टर नाही, लाइट जाते तेव्हा टॉर्च आपापला आणायचा. रजिस्टर माझ्या दुकानातून घ्या, खात्यावर मांडतो. दुपारची चावी तिच्याकडं आहे.